आदराचं ‘मेले’

वाशी तालुक्यातल्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथं उत्तरेकडचे एक तरुण डॉक्टर रुजू झाले. मराठी जेमतेम यायचं. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीला म्हणाले, “इकडे ये. तोंड उघड.”

ती ताडकन उठली. “म्या काय तुजी मोलकरीण हाय व्हय रं?” आणि गोळ्या न घेताच चालती झाली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “सिस्टर, मला शिकवा.”

मग दुपारी गर्दी ओसरली की मी शिकवायची. ‘ये’ नाही, ‘या’. ‘उघड’ नाही, ‘उघडा’. आधी आजी, मावशी, काका म्हणायचं, मग विचारायचं. ते मन लावून शिकले. बाकीचं मराठी पेशंटकडून उचलायचे. आमच्या बायका दिवसभर “मेला हा गुडघा”, “मेली ही कंबर” करत बसलेल्या असायच्या. डॉक्टरांना त्याची गंमत वाटायची.

एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून एका शेतकऱ्याला आणलं. आम्ही खूप धडपडलो, पण उपयोग झाला नाही. मी आत आवरत होते तोवर डॉक्टर बाहेर गेले. दाराशी त्या माणसाची लेक उभी होती. तिला ते अगदी हळू, मान लववून म्हणाले, “ताई, तुमचे वडील मेले.”

शेजारीच उभ्या असलेल्या तिच्या भावानं डॉक्टरांची कॉलर धरली. “मेले? कुत्रं हाय का आमचा बाप?”

मी धावत मध्ये पडले. “दादा, त्यांना आपली भाषा येत न्हाय हो.” तो ऐकेना. शेवटी बहिणीनंच रडत रडत त्याचा हात सोडवला.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “मी तर आदरानं बोललो. ‘मेला’ नाही म्हटलं.”

“तुमच्या घरी काय म्हणाला असता?”

“नहीं रहे,” ते म्हणाले.

“आपल्याकडं ‘गेले’ म्हणतात.”

“कुठं गेले, असं नाही विचारणार?”

“नाही. आवाजावरनंच कळतं.”

तो शब्द त्यांनी दोन-तीनदा पुटपुटून पाहिला. पण माझ्यासमोर तरी कधी वापरला नाही. त्यानंतर कुणी दगावलं की हातमोजे काढत ते माझ्याकडं बघायचे, आणि मी बाहेर जायची. त्यांची बदली होईपर्यंत हेच चाललं. मी सांगायची ते नीट, रीतीला धरून. तरी नातेवाईक माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, “डाक्टर का न्हाय आले?”