नऊ वर, चाळीस खाली

तलासरीकडे जमीन हादरत होती, त्या हिवाळ्यात आम्ही डहाणूतही अंगणात ताडपत्री ताणून झोपायचो. धाकटा भाऊ आणि मी, दोघंही प्रोग्रॅमर. दिवसा त्याच ताडपत्रीखाली भांडायचो.

माझं म्हणणं, आत येणारी माहिती आकडा आहे की मजकूर, हे प्रोग्रॅमला आधीच ठणकावून सांगायचं. मग गफलत असेल तर तो सुरूच होत नाही. भावाला या सोवळ्याचा कंटाळा. "ताई, तुझ्या भाषेत काम कमी, कटकट जास्त. चुकलं की कळेलच ना!"

गावातली मंडळी पाड्यांवर ताडपत्र्या पोचवत होती, त्यांच्यासाठी त्याने प्रोग्रॅम लिहिला. तडे गेलेल्या घरांचा आकडा मोबाइलवर यायचा. जिथे जास्त घरं, तिथे टेम्पो आधी. एका दुपारीच प्रोग्रॅम तयार झाला. बारा, पंचवीस, चाळीस टाकून त्याने मला दाखवलंही. क्रम चोख.

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघून गेल्यावर माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. नऊ घरांचा पाडा सगळ्यांत वर, झरीजवळचा चाळीस घरांचा खाली. आकडे मजकूर म्हणून आत शिरले होते, आणि मजकुरात आधी पहिलं अक्षर बघतात. चाळीसमधल्या चारापेक्षा नऊ मोठा. त्याच्या भाषेने हूं की चूं केलं नव्हतं.

ड्रायव्हरचा फोन लागेना. भावाने बाइक काढली, मी मागे बसले. मला संताप आला होता, आणि आपण बरोबर ठरलो याची तर जास्तच चीड येत होती.

नऊ घरांच्या पाड्यावर पोचलो तेव्हा त्या दिवशीच्या मोजक्या ताडपत्र्या वाटून टेम्पो रिकामा झाला होता. मूल कडेवर घेतलेली एक बाई ताडपत्रीच्या दोरीची गाठ मारत होती. मागच्या भिंतीला हात जाईल एवढा तडा. भावाने अडखळत चूक सांगितली.

"मग सोडू का?" तिने विचारलं, आणि खरंच गाठीला हात घातला.

"नको, नको," म्हणत तो मागे सरला.

तसेच झरीकडे गेलो. त्या पाड्यावर ताडपत्र्या येणार असल्याचा निरोप आधीच पोचला होता. अंगणाअंगणात बांबू रोवलेले, त्यांना दोऱ्या बांधून तयार. एक म्हातारेबाबा रस्त्यापर्यंत आले.

"टेम्पो मागून येतो ना, दादा?"

मी तोंड उघडलं, तर भावाने माझा हात धरला.

"ताई, मी सांगतो."