घोंगडीचा आवाज

माझे थोरले बंधू निपाणीत तंबाखूच्या वखारीत मालाची पारख करायचे. पान दोन बोटांत चुरून ते कानाशी धरायचे. कोरडं पान चुरचुरतं, ओल धरलेलं गप्प राहतं. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या वर्षी ते तापानं गेले. त्यांची काळी घोंगडी वहिनींनी कोणाला देऊ दिली नाही.

त्या थंडीत एका संध्याकाळी, कंदील लागण्याआधी, वहिनींनी मला माजघरात बोलावलं. घोंगडीची घडी त्यांनी मोडली तशी ती चुरचुरली आणि अंधारात बारीक निळ्या ठिणग्या दिसल्या.

"ऐका भावोजी. पान चुरायलेत."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. म्हटलं, "वहिनी, ही लोकरीतली वीज. घासली की इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात आणि कोरड्या हवेतून उडी घेतात."

"व्हय. तुमच्या शाळंत घेत असतील," त्या म्हणाल्या.

रोज त्या घोंगडी एकदा उलगडायच्या, मगच जेवायच्या.

मृग लागला आणि आवाज थांबला. शाळेत दोन तापमापक शेजारी टांगले होते, एकाच्या गोळ्याला ओली चिंधी. उन्हाळ्यात दोघांत दहा-बारा अंशांचा फरक असे, आता जेमतेम एक. अशा दमट हवेत लोकरीवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि ठिणगी पडण्याएवढा भार साठण्याआधीच निसटून जातो. मला कारण ठाऊक होतं. वहिनींचं ताट मात्र भरलेलंच परत येत होतं.

"आता येत न्हाईत ते," एवढंच म्हणायच्या. दंडावर घट्ट बसणाऱ्या चोळीच्या बाह्या सैल लोंबू लागल्या.

मग त्या देवळात गेल्या की मी शेगडीवर घोंगडी शेकून, गरम असतानाच घडी करून ठेवू लागलो. आवाज परत आला. वहिनी जेवू लागल्या. घोंगडी उबदार का लागते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

श्रावणात एकदा मी शेगडीत कोळसे घालत होतो. वहिनी दारात उभ्या होत्या, देवळात गेल्याच नव्हत्या.

"आज ऱ्हाऊ द्या भावोजी. रोज रोज बोलवून दमिवलं आपण त्यास्नी."

त्या आत जाऊन जेवायला बसल्या. घोंगडी माझ्या हातात राहिली, थंड आणि जड. त्या दिवशी तापमापकांतला फरक अर्धा अंशही नव्हता. आवाज होणं शक्य नव्हतं.

मी कंदील लावला नाही. घडी मोडली आणि घोंगडी कानाशी धरली.