काकांचं पान

काकांच्या पानावर त्या माणसाला मीच बसवलं होतं. काकीने विचारलं तेव्हा मात्र मी खोटं बोललो.

काका गलबतावर गेले ते परतले नव्हते. त्यांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मेलेल्या माणसाचं पान आमच्याकडे बाहेर कावळ्यासाठी ठेवतात. काकी काकांचं पान घरात मांडायची, पाट आणि पाण्याच्या तांब्यासकट. हातातल्या बांगड्याही तिने उतरवल्या नव्हत्या.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर वेंगुर्ल्याला नगरपालिकेने आंबा-काजूचं प्रदर्शन भरवलं. गावोगावच्या बायका तिथे आपापलं जेवण रांधून वाढणार होत्या. काकीने बांगडा माशाचं झणझणीत तिखलं केलं, वाढायला मी होतो. तिथेही पंगतीच्या टोकाला तिने एक पान जास्तीचं मांडलं.

शेजारच्या चुलीवरची बाई हसली. "काय गो, घोव येतलो काय जेवूक?"

"इलो तर उपाशी बसतलो?" काकी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मुंबईहून आलेला एक पाहुणा जागेसाठी ताटकळत होता. सकाळीच त्याने मला विचारलं होतं, माशाच्या कालवणात घालतात ते तिरफळ म्हणजे काय. मी त्याला हात धरून काकांच्या पाटावर बसवलं आणि वाढलं. भर दुपार होती, तरी झावळ्यांच्या मांडवात एकाएकी गार झालं. त्याने पहिला घास घेतला, मान खाली घालूनच जरा थांबला आणि जड आवाजात म्हणाला,

"तिरफळां परत इसारलंस गो?"

काकीच्या हातातली पळी तशीच राहिली. काका नेहमी हेच म्हणायचे. तिरफळं खरंच राहिली होती. पुडी तिच्या कमरेला तशीच होती.

हात धुताना मी पाहुण्याला त्याबद्दल विचारलं. "मी? मी काहीच बोललो नाही," तो म्हणाला. "जेवण छान होतं हं."

काकीने मला मांडवामागे नेलं. "तो आपणानच बसलो ना रे त्या पानार?"

ओरडा बसेल म्हणून मी म्हणालो, "होय."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. पुढच्या सणाला काकांचं पान बाहेर गेलं. कावळा लगेच शिवला. मी मुंबईला नोकरी धरली, लग्न केलं, आणि गप्प राहिलो.

गेल्या मे महिन्यात ती पडवीत काजू सोलत होती. मी समोर बसलो.

"काकी, तो आपणान बसाक नाय. मीच हात धरून बसयलंय, आणि तुका खोटां सांगलंय. माझां चुकलां. माका माफ कर."