आठळ्यांच्या डब्यातली कमळं

"मुनीर, अम्मीला सांग, यंदाच्या आठळ्या कडू निघाल्या," कुकरचं झाकण काढत माझ्या खोलीत राहणारे बशीरचाचा म्हणाले.

अम्मीने दापोलीहून पाठवलेल्या फणसाच्या आठळ्या मी केव्हाच संपवल्या होत्या. कुकरमध्ये होती ती जाब्रियातल्या व्हिलाची निळी कमळं.

मी लँडस्केपिंग कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. ही निळी कमळं उष्ण मुलखातली. कुवेतची थंडी तशी दोन महिन्यांची, पण पाँडचं पाणी गार झालं की यांचे गड्डे कुजतात. म्हणून डिसेंबरात ते काढायचे, धुवायचे आणि ओलसर वाळूत, फार गार नाही अशा जागी ठेवायचे. अर्दियाच्या आमच्या गोडाऊनचा पत्रा रात्री बर्फ होतो. म्हणून मी ते मिरकाबला आमच्या खोलीवर आणले आणि सिंकखाली ठेवले. कशात? आठळ्यांच्या रिकाम्या डब्यात. आमच्याकडे आठळ्याही मातीवाळूतच टिकवतात. चाचांचं काय चुकलं?

कमळं व्हिलाच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडमच्या, वारलेल्या नवऱ्याने लावलेली. गड्डे नेताना त्या म्हणाल्या होत्या, "मुनीर, ये बाबा का है. सब वापस लाना." बाबा म्हणजे इकडे घरधनी. मी छातीवर हात ठेवून "इन्शाअल्ला" म्हणालो होतो.

"सगळे शिजवलेत?"

"मोठे तेवढे. सुपारीएवढे होते ते कोण सोलत बसणार? डब्यातच आहेत."

मी कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. साहेब पुण्याचे इंजिनीअर. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मीठ घातलं होतं का?"

"साहेब, नोकरी जाईल माझी."

"मोठे जाऊ देत. जुना गड्डा बहुतेक वेळा नुसताच कुजतो. फुटतात ते लहानच. फेब्रुवारीत कोमट पाण्यात टाक, उन्हात ठेव. आणि चाचांपासून लांब."

तसंच केलं, लहान गड्डे पाण्याच्या परातीत टाकले. तीन आठवडे परात रिकामी दिसत होती, नमाजनंतर मी आधी तिच्यात डोकावायचो. मग एका सकाळी नखाएवढं तांबूस पान वर आलं. दुपारी चाचांनीच दुसरं दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला. चाचांना ती म्हण त्या दिवशी बोललो नाही, भांड्याचा विषय नको होता.

एप्रिलमध्ये रोपं पाँडमध्ये गेली, मे महिन्यात फुललीही. मॅडम काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी खरं काय ते सांगून टाकलं. त्या हसल्या, मग विचारलं, "अच्छा लगा चाचा को?"

"नहीं मॅडम. कडवा था."

तेव्हापासून मी मुद्दाम लहानच गड्डे ठेवतो. डब्यावर मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहितो: खायचं नाही. चाचा चष्मा लावत नाहीत, म्हणून डबा कपाटात कुलपात असतो.