शुक्रवारची तपासणी

व्रताच्या दिवशी दुपारी आडवं होऊ नये. तरी आज पोथी वाचून झाल्यावर देवघरापुढेच पदराची घडी गालाखाली घेऊन मी कलंडते. समईची ज्योत पसरट होत जाते, आणि काल लाळग्रंथींच्या तपासणीला ज्या मशीनखाली निजले होते त्याची थाळी माझ्या चेहऱ्यावर उतरते.

"हलू नकोस," कुंदावन्सं म्हणतात. माझी नणंद. जाऊन दोन वर्षं झाली.

पडद्यावर माझाच चेहरा आहे, पण नाकडोळ्यांवाचून. कानांपुढे दोन लाळग्रंथी उजळल्यात, जबड्याखाली दोन.

"चारी जागच्या जागी. रिपोर्ट नॉर्मल! पेढे वाटलेस की नाही, वहिनी?"

"असं नका बोलू, वन्सं."

"लिंबू चाटवलं का काल?"

मी होकाराची मान हलवते. लिंबू जिभेवर ठेवलं की लाळ सुटते, धडक्या ग्रंथी रिकाम्या होतात आणि पडद्यावर विझत जातात. त्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

"काल गुरुवार होता," मी हळूच सांगते.

"आणि माझी तारीख नेमकी शुक्रवारी आली."

आम्ही स्वयंपाकघरात आहोत. पडदा चुलीमागच्या भिंतीवर. वन्सं विळीवर लिंबू चिरतायत, माझ्याकडे न बघता.

"'आज माझं उद्यापन, घरात कुणाच्या तोंडी आंबट जायला नको. गाठ काय, पुढच्या आठवड्यात दाखवू.' तूच म्हणालीस ना? पुढची तारीख दीड महिन्यानं मिळाली. तोवर गाठ गळ्यात उतरली."

"मी रोज तुमच्या नावानं दिवा लावते."

"तेल नको जाळूस फुकट. दादाला काय सांगितलंस ते बोल."

मी विळी मिटायला वाकते.

"मी मशीनला घाबरले म्हणून गेले नाही, होय ना? मी घाबरट! भरल्या विहिरीत काठावरून उडी टाकायचे मी!" त्या माझा जबडा धरतात. बोटं बर्फासारखी. "देवी कोपेल म्हणून भितेस आणि नवऱ्याशी खोटं बोलायला भीत नाहीस. उघड तोंड."

फोड दातांत कोंबली जाते. पडद्यावरचे ठिपके एकेक करून विझतात, आणि माझं तोंड भरून येतं.

जाग येते. गालाखालचा पदर पिळून काढावा इतका भिजलाय.

हे दारात उभे. "शुक्रवार ना गं आज? मग लिंबाचा वास कुठून येतोय?"

मी तो ओला पदर त्यांच्या हातात देते.

"अहो, कुंदावन्सं घाबरल्या नव्हत्या. मीच त्यांना जाऊ दिलं नाही."