खंडेनवमीला धुतलेली गिटार

दिलेल्या मानानेच एखादी वस्तू निकामी झाली, तर मान देणाऱ्याला दोषी धरायचे काय? बलभीमच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही.

येरमाळ्यात हमरस्त्यालगत बलभीमचे वेल्डिंगचे दुकान आहे, मागेच घर. त्याची थोरली मुलगी वैष्णवी हिने सोलापूरच्या महाविद्यालयात असताना शिकवण्या घेऊन नवशिक्यांसाठीची एक स्वस्त इलेक्ट्रिक गिटार मागवली. काळी, दोन शिंगांची. तिला हेवी मेटल वाजवायचे होते. सुट्टीत घरी आल्यावर तिने वाजवलेल्या पहिल्याच सुरावर बलभीमने हातातले काम थांबवले.

"आवाज फाटतोय गं. परत पाठव, खराब माल दिलाय तुला."

"फाटलेलाच पायजे, पप्पा. त्यासाठीच घेतलीय."

"मग गिटार कशाला? आपलं ग्राइंडर काय वाईट व्हतं?"

"अवं, तुमचं ग्राइंडर ऐकून गिऱ्हाईक पळतंय," त्याची बायको शिवगंगा आतून म्हणाली. "पोरीचं ऐकायला निदान शेजारी तरी येतेत."

थट्टा दोन वर्षे चालली. त्या काळात वैष्णवीची बोटे घट्टे पडून बापाच्या बोटांसारखी झाली, हे बलभीमने पाहिले. २०१९च्या दसऱ्यानंतर सोलापुरात वाद्यवृंदांची स्पर्धा होती; वैष्णवी महाविद्यालयाच्या वृंदातून वाजवणार होती. तिथे निवड झाली, तर पुण्यातला एक वृंद तिला सोबत घेणार होता.

खंडेनवमीला दुकानातली सारी हत्यारे धुऊन पुजायची रीत. वैष्णवी आईसोबत येडेश्वरीच्या दर्शनाला गेली होती. हातोडे, पाने, चिमटे ओळीने मांडताना बलभीमला गिटार आठवली. पोरीचे हत्यार तेच, असे त्याच्या मनाने प्रथमच घेतले. इतर हत्यारांइतक्याच निगुतीने त्याने ती चिंचेच्या पाण्याने घासली, नळाखाली धरली, पत्र्यावर उन्हात वाळवली, तारांना मशीनचे तेल चोपडले आणि हळदीकुंकू वाहून मधोमध पाटावर ठेवली.

दर्शनाहून परतलेल्या वैष्णवीने पाटावरचे हळदीकुंकू पाहिले. मग तिने गिटार उचलून स्पीकरला जोडली. नुसती घरघर आली. लाकडी दांडाही वाकला होता.

"धुवायची नसती व्हय?" बलभीमने विचारले.

"असू द्या, पप्पा. तुमी पूजा केली ना."

ती चिडली असती तर बलभीमला सोसले असते. दुसऱ्याच दिवशी तो गिटार घेऊन सोलापूरला गेला. दुरुस्तीवाल्याने सुटे भाग मागवावे लागतील, असे सांगितले. वैष्णवीने एका मैत्रिणीची गिटार मागितली, पण तीही स्पर्धेच्या दिवशी मिळू शकली नाही; महाविद्यालयाच्या वृंदाने तिच्या जागी दुसऱ्या मुलाला उभे केले, आणि पुण्याच्या लोकांनी त्यालाच नेले. दुरुस्त गिटार महिन्याने घरी आली. वैष्णवीने एक तार छेडली, "वाजतीय की," म्हणाली आणि ती पिशवीत घातली.

एकदा विचारायला हवे होते, असे बलभीम अजूनही गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मध्येच म्हणतो. गिऱ्हाइकाला वाटते, मापाबद्दल बोलतोय.

वैष्णवी २०२२च्या जूनपासून लातुरात एका विमा कार्यालयात नोकरी करते. तिने पुन्हा गिटार वाजवलेली नाही.