भूगोलाच्या पेपरातल्या मुंग्या

आमच्या शाळेत त्या वर्षी चौथीच्या भूगोलाला मुंग्याही बसल्या होत्या, आणि त्यांना बसवणारा मास्तर मीच.

माझी धाकटी बहीण गंगू जन्मांध. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मीच मास्तर, तरी दोन वर्षं मी तिचं नाव हजेरीपटावर घातलं नव्हतं. (कारण विचारू नका. लाज वाटायची, झालं.) शेवटी तीच हटून बसली, तेव्हा घातलं. ती चौथीला आली तेव्हा आमचे वडील, आबा, म्हणाले, "एक डाव परीक्षा दे. नापास झालीस तर शाळा बंद."

नकाशापाशी गाडी अडली. गंगू म्हणाली, "दादा, कागुद मला काय उपेगाचा? बोटाला लागंल आसा कर की."

मी फळीवर सुतळीच्या नद्या आणि चिंचोक्यांची गावं चिकटवली. डिंक संपलेला, तो आणायला बारामतीला जायचा कंटाळा. म्हणून गुऱ्हाळातली काकवी लावली. काकवीला काहीही चिकटतं. (सकाळी परीक्षेत कळलं, काहीही म्हणजे काय!)

परीक्षेला शाळा तपासणारे साहेब आले. "भीमा दाखव."

गंगूनं बोट ठेवलं. "ही भीमा. पर साहेब, ही चालतीया."

"नदी वाहते म्हणावं."

"न्हाय, चालतीया. आन् चावतीया बी."

मी घाईनं मुंग्या झटकल्या, तर इंदापूर निघून साहेबांच्या मांडीवर पडलं. नीरा माझ्या मनगटाला चिकटली.

"बारामती कुठाय?" साहेब.

"मगाशी हितंच व्हती. गुर्जींच्या हाताखाली बगा."

साहेब माझ्याकडं वळले. "ही काकवी कुणाचं डोकं?"

"हिचं," मी म्हणालो.

साहेबांनी निकालाचा कागद पुढं ओढला, तेव्हा गंगू उठली. "साहेब, जरा भायेर चला."

अंगणातल्या फुफाट्यात तिनं बोटानं दोन रेघा ओढल्या. "ही वर भीमा, ही खाली नीरा, हितं दोगी भेटत्यात. मधी इंदापूर."

साहेब उकिडवे बसून बघत राहिले. "पास," म्हणाले. आणि शेरा लिहिला: 'मास्तर कल्पक आहेत. मुलीने काकवीचा नाद सोडावा.'

मी तो शेरा मुकाट्यानं घेतला. इतक्या वर्षांनी, परवा तिची माफी मागितली.

"मी खरं सांगून तुझी मास्तरकी गेली आसती, तर मला शिकवलं कुणी आसतं?" ती हसत म्हणाली.

तिचे उपकार कसे फेडू? त्या परीक्षेनंतर कुणाला दिसत नसो, ऐकू येत नसो, त्याची परीक्षा कशी घ्यायची ते गंगूच ठरवत आली. मी नुसती सही करतो. तीही पुष्कळदा चुकीच्या रकान्यात.